मनुबाईचा नासरेथकर

आमच्या मंडळीत गाणं सुरू झालं की मी पेटीवर असतो आणि मनुबाई झांजेवर. माझ्या पेटीचा एक सूर कायमचा बसलाय आणि मनुबाईच्या झांजेला तालाशी फारसं देणंघेणं नाही, तरी आमचं बरं चालतं. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावची मंडळी म्हणजे पत्र्याचं लहानसं चर्च. उजवीकडं पुरुष, डावीकडं बायका आणि मधल्या सतरंजीवर कुणाचं तरी रांगणारं पोर. एवढ्याशा जागेत कोण बेसूर गातंय हे लपून राहत नाही. मी स्वभावानं जरा तापट आहे. चुकीचं गाणाऱ्याकडं मी गाणं चालू असतानाच मान वळवून बघतो, असं माझी बायको म्हणते. बघतो. बघणारच.

तर त्या झांजेची एक गंमत आहे. गाण्यात जिथं जिथं ‘येशू’ हा शब्द यायचा, तिथं मनुबाईची झांज अशी खणकन वाजायची की शेजारची बाई दचकून उठायची. मला वाटायचं, म्हातारीला भक्तीचा उमाळा येतो. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की त्या शब्दाला ती तोंड मिटून घेते आणि झांज वाजवून ती जागा भरून काढते. जन्मभर ज्याची गाणी गायली, त्याचं नाव या बाईनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. तिच्या नवऱ्याचं नाव येसू.

आमच्याकडं बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणतात. लग्नाकार्यात उखाण्यात गुंफून घ्यायचं तेवढंच, एरवी ‘आवं’ आणि ‘ऐकलं का’ यावर संसार होतात. मनुबाईला उखाण्यातही नाव घेता आलं नाही. यमक जुळवून झालं, सगळे कान टवकारून बसले आणि ऐन नावापाशी तिला ठसका लागला. सासू रंगूबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, पोर जीव सोडंल.” तेव्हा राहिलं ते राहिलंच. आम्ही ख्रिस्ती झालो, देव बदलला, पण सासर काही बदललं नाही.

बरं, नुसत्या नवऱ्याच्या नावाचीच अडचण असती तर भागलं असतं. पण वायदंड्यांच्या घरात आजोबा हरिबा पहिल्यांदा ख्रिस्ती झाले आणि नव्या विश्वासाच्या भरात त्यांनी घरातल्या सगळ्या पोरांची बारशी स्वतः उरकली. मुलाचं नाव ठेवलं प्रभुदास. नातवंडं झाली, त्यांतला थोरला ख्रिस्तानंद आणि धाकटा येशूदास. हा धाकटा म्हणजे मनुबाईचा नवरा, ज्याला सारं गाव येसू म्हणायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं घ्यायचं नाही, थोरल्या दिराचंही घ्यायचं नाही. उंब्रजहून नांदायला आलेल्या या सुनेला देवाला हाक मारायला एक दार म्हणून उघडं राहिलं नाही. रस्त्यात कुणी “जय ख्रिस्त” म्हटलं की ती नुसतं “जय” म्हणून हात जोडायची. प्रार्थना संपवताना आम्ही येशूच्या नावानं मागतो, ती म्हणायची, “तुज्या ल्योकाच्या नावानं मागती, आमेन.”

आणि तरीही, किंवा त्यामुळंच असेल, येशू कोण हे तिच्याइतकं चांगलं सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. नाव घेता येत नसलं की माणसाला काय काय सांगावं लागतं बघा. तो कसा होता, कुणाच्या घरी जेवला, कुणावर चिडला, कुणाला काय म्हणाला, सगळं सांगावं लागतं. तिचे त्याच्यासाठी ठेवणीतले शब्द होते. ‘मरियेचा थोरला’ म्हणायची, ‘आमचा सुतार’ म्हणायची आणि सगळ्यात जास्त म्हणायची ‘नासरेथकर’. मिरजेचा मिरजकर, कराडचा कराडकर, तसा येशूच्या गावावरून, नासरेथवरून, नासरेथकर.

मनुबाईची भांगलणीची टोळी आहे. कुणाच्या उसात, कुणाच्या हळदीत तण काढायला दहा-बारा बायका घेऊन ती सकाळी निघते. टोळीतल्या बायका आपापल्या देवाच्या. त्या श्रावण पाळतात, जत्रेला जातात आणि खुरपं चालवता चालवता नासरेथकराच्या गोष्टी ऐकतात. मनुबाईनं कुणाचा देव बदलायला सांगितला नाही. तिच्या पोटात गोष्ट मावत नव्हती, एवढंच.

“लगीन व्हतं,” ती सुरू करायची. “वऱ्हाड जेवाय बसलेलं, आन् द्राक्षाचा रस संपला. आता सांगा, पोरीच्या आईचं काय झालं आसंल?”

“पोटात गोळा आला आसंल,” टोळीतली बनुबाई म्हणायची. बनुबाईच्या थोरलीच्या लग्नात आमटी कमी पडली होती.

“तर. आमच्या नासरेथकरानं पान्याचाच रस केला. पन मी म्हंती, त्यात काय मोठं न्हाई, त्यो देवच हाय. मोठं काय, तर त्यानं कुनाला कळू दिलं न्हाई. वाढप्यांना ठावं, बाकी कुनाला न्हाई. घरधन्याची लाज राखली आन् गप जाऊन आपल्या पंगतीत बसला. दुसऱ्याची लाज राखतो ना, त्यो नासरेथकर.”

पेत्राची गोष्ट तिची लाडकी. ज्या शिष्यानं ऐन वेळी ‘मी याला ओळखत नाही’ म्हणून अंग काढून घेतलं, त्यालाच मरणातून पुन्हा उठल्यावर येशूनं तळ्याकाठी बोलावलं आणि विस्तवावर मासे भाजून खाऊ घातले. “न्ह्यारी कर म्हनला. फकस्त न्ह्यारी कर. एक शबुद टोचून बोलला न्हाई. माझ्या सासूला जमलं आसतं का ह्ये?” रंगूबाईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण पेत्राच्या गोष्टीत तिची हजेरी ठरलेली. आणि जक्कयाची गोष्ट आली की तो बुटका माणूस ज्या उंबराच्या झाडावर चढून बसला, ते झाड नक्की आपल्या माहेरच्यासारखं होतं, असं मनुबाई छातीठोकपणे सांगायची. उंब्रजला उंबर, त्यात कुणाला काय शंका असणार.

गावात किराणा दुकान आणि ओढ्याकाठी हळदीचं रान असलेले वर्धमानशेठ आहेत. त्यांची बायको सुंदरी रानात बांधावर बसून हे सगळं ऐकायची. जैन घरातली बाई, ख्रिस्ती लोकांच्या शास्त्राशी तिचा काय संबंध. पण ऐकता ऐकता तिची एक समजूत होऊन बसली. तिला वाटलं, नासरेथकर हे मनुबाईचे कुणीतरी पाहुणे. अथणी-चिक्कोडीकडं कुठं तरी नासरेथ गाव असेल, सुतारकी करत असतील, चार गावांत मान असेल. एकदा तिचं आणि तिची जाऊ कस्तुरी हिचं विहिरीच्या पाण्यावरून वाजलं. दोघी बोलेनात. तेव्हा सुंदरी मनुबाईला बाजूला घेऊन म्हणाली, “मनुबाई, तुमचे ते नासरेथकर एकदा आले तर आमच्यात मध्यस्थी करतील का हो? शहाणा माणूस वाटतो.”

मनुबाई म्हणाली, “करतील की. पन त्येंची रीत एकच हाय. चूक कुनाची का आसंना, आपुन आदी जायाचं.”

सुंदरी डब्यात चार लाडू घालून कस्तुरीकडं गेली. पाणी वाटून घेतलं. नासरेथकरांना एकदा जेवायला आणा, असा निरोप त्यानंतर बरेच दिवस येत होता.

मनुबाई आनंदी बाई आहे. आनंदी म्हणजे काही झळ लागली नाही म्हणून आनंदी, तसली नव्हे. तिचा थोरला मुलगा लहानपणी तापात गेला. मुलगी मिरजेला नर्स आहे, ती बरी आहे. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मध्यंतरी छातीत कळ आली आणि सांगलीला नेऊन शिरेत तारेची जाळी बसवावी लागली. त्या दिवसांतही ती हॉस्पिटलच्या पायरीवर बसून शेजारच्या पेशंटच्या बायकोला डब्यातली भाकरी मोडून देत होती. मी चिडून म्हणालो, “मावशी, तुम्हाला काळजी कशी वाटत नाही?” तर म्हणाली, “वाटती की रं बाळासो. पन आनंद म्हंजी काय सनाची साडी हाय व्हय, ठेवणीत ठिवायची? त्यो रोज नेसायचा आसतो.” एरवी असलं कुणी बोललं तर मला राग येतो. तिचा येत नाही, कारण ती खरंच रोज नेसते.

काका अगदी उलट. एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते, रिटायर झाले. बोलणं मोजकं, तेही गाडीच्या आवाजाविषयी. मंडळीत पुरुषांच्या बाजूला शेवटच्या खिडकीपाशी बसायचे. साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कुणी उठणार का, असं पाळकांनी विचारलं की बुटाची लेस बांधायला वाकायचे. पायात चप्पल असली तरी वाकायचे. मनुबाई बोलायची आणि काका ऐकायचे, असा त्यांचा वाटून घेतलेला संसार होता.

मग आमच्याकडं नवे पाळक आले, रेव्हरंड जयराज लोखंडे. सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेला तरुण मुलगा, मनानं चांगला, संदेश आटोपशीर, आणि मुख्य म्हणजे सुरात गाणारा. त्यांनी मनुबाईची साक्ष ऐकली आणि खूश झाले. सांगलीत बायकांचा मोठा मेळावा होणार होता. तिथं आपल्या मंडळीतर्फे मनुबाईच बोलणार असं त्यांनी ठरवलं, आणि आधी पाठवायला म्हणून मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. घरी जाऊन त्यांनी ते नीट ऐकलं, व्हिडिओखाली अक्षरं टाकायला म्हणून शब्दन् शब्द लिहून काढला, आणि त्यांना ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मनुबाईच्या घरी आले. मी तिथं चहा पीत होतो. काका बाहेरच्या खाटेवर तोंडावर टॉवेल टाकून पडले होते.

“मनुबाई, साक्ष फार सुंदर झाली,” पाळक म्हणाले. “फक्त एक आहे. सगळ्या बोलण्यात येशूचं नाव एकदाही आलेलं नाही.”

मनुबाईनं पदर सारखा केला. “त्ये माझ्यानं व्हायाचं न्हाई, पाळकसायेब.”

“बरं, मग प्रभू म्हणा.”

“त्ये मामंजींचं नाव.”

“ख्रिस्त?”

“थोरल्या दिराचं.”

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपात पाहिलं. मग मीच त्यांना वायदंड्यांच्या बारशांची हकिकत सांगितली. ते पोट धरून हसले, मनुबाईही हसली. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण पाळकांचं वय लहान आणि कळकळ मोठी. ते म्हणाले, “पण मनुबाई, जो त्याचं नाव घेऊन हाक मारील तो तरेल, असं शास्त्रच सांगतं. नवऱ्याच्या नावापायी त्याच्या नावाला लाजून कसं चालेल?”

त्यांनी प्रार्थना केली आणि ते गेले. मनुबाईनं रिकामे कप गोळा केले.

“नाव घिऊन हाक मारील, असंच हाय का रं त्ये, बाळासो?”

“आहे तसंच,” मी म्हणालो. शास्त्रात होतं ते नाही कसं म्हणू?

त्यानंतर मनुबाई गप्प झाली. आधी मला वाटलं, तब्येत असेल. पण रविवारी ती आली ती झांज न घेता आली आणि मागं भिंतीला टेकून बसली. गाण्यात ‘येशू’ शब्द आला की एक भगदाड पडायचं, आणि इतकी वर्षं ज्या झांजेवर मी कुरकुरलो, तिच्याशिवाय मला ताल सापडेना. बनुबाई माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाली, “मावशीला काय झालंय? सगळं रान भांगलून झालं तरी बोलत न्हाई. आमी इच्यारलं, आज गोष्ट न्हाई का, तर म्हनली, तुमीच काय तर बोला. आमी काय बोलनार? आमच्याकडं सासवांच्याच गोष्टी.”

सुंदरीही काळजीत पडली. दुकानात साखर तोलताना तिनं आवाज बारीक करून मला विचारलं, “मनुबाईंच्या त्या नासरेथकरांचं काही बरंवाईट झालं का?” तेव्हा मला सांगावं लागलं की नासरेथकर म्हणजे अथणीकडचे पाहुणे नव्हेत, आमचा येशू. सुंदरीनं वजनाचा काटा थांबेपर्यंत विचार केला. “असू दे,” ती म्हणाली. “माणूस चांगला आहे. मनुबाईंना म्हणावं, अबोला धरू नका.”

मी तो निरोप सांगायला गेलो. मनुबाई अंगणात शेंगा फोडत होती. ऐकून हसली नाही.

“अबोला न्हवं रं,” ती म्हणाली. “मला भ्या वाटतंय. उद्या मी वर ग्येले, दारात इच्यारलं, कुनाच्या नावानं आलीस, तर मी काय झांज वाजवू व्हय?”

“तो ओळखतोच की तुम्हाला.”

“त्यो वळखतो. पन मी हाक मारली न्हाई ना त्येला. जल्मभर दुसऱ्यास्नी सांगत सुटले त्यो कोन हाय, आन् मीच दाराभायेर ऱ्हायची.”

“मग घ्या की नाव. एकदा घेऊन टाका.”

तिनं खाटेकडं पाहिलं. काका झोपलेले होते, किंवा तसं दिसत होते. ती हळू आवाजात म्हणाली, “ह्येंच्या छातीत आदीच जाळी बसवलीया.”

“मावशी, तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे?”

“न्हाई,” ती म्हणाली. “पन करून बी बगायची न्हाई मला.”

नाव घ्यावं तर नवऱ्याच्या जिवाला धोका, न घ्यावं तर आपला जीव दाराबाहेर. इकडं आड, तिकडं विहीर. मी शिकलेला माणूस, तिला अंधश्रद्धा म्हणून झाडून टाकायला माझ्याकडं पुष्कळ शब्द होते. पण तिच्या ठिकाणी माझी बायको असती आणि जाळी माझ्या छातीत असती, तर तिनं करून बघावं असं मलाही वाटलं नसतं.

तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. काका पेन्शनच्या कामाला कडेगावला गेले होते तेव्हा मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून पाहिलं. ती परसात पेरूच्या झाडाखाली उभी होती, डोळे गच्च मिटलेले. म्हणाली, “ये...” आणि थांबली. तिचं कुत्रं शेपूट हलवत येऊन पायाशी बसलं. तिनं परत म्हटलं, “ये...” कुत्रं म्हणालं असेल, आलोय की. मनुबाईनं तोंडावर हात दाबून धरला आणि आत निघून गेली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

पाळकांच्याही ते कानावर गेलं. बिचारे धावत आले. “मी जरा जास्तच बोललो, मनुबाई. देव मनातली हाक ऐकतो.” मनुबाईनं त्यांना पोहे करून घातले आणि म्हणाली, “तुमी कशाला वाईट वाटून घेताय? लिवलंय ते लिवलंय. तुमी काय पदरचं सांगितलं न्हाई.” मेळाव्याला मात्र दुसरं कुणीतरी पाठवा म्हणाली. पाळक पोह्यांची ताटली हातात घेऊन बसले. पालथ्या घड्यावर पाणी असतं तर एक वेळ परवडलं असतं. हा घडा सरळ होता आणि त्यात एकच वाक्य तळाशी जाऊन बसलं होतं.

मग एका शनिवारी काका माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिले.

“बाळासो, मानसाला नाव बदलायचं आसलं तर काय लागतं?”

मला वाटलं, पेन्शनच्या कागदावर काहीतरी चुकलंय. मी वैतागून प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र असं सगळं सांगितलं. काका मान डोलावत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सरकारचं ऱ्हाऊ दे रं. सरकार मला कुटं हाक मारतंय? मंडळीत बदलायचं आसलं तर?”

“मंडळीत काय, उभं राहून सांगितलं की झालं.”

“उबं ऱ्हावंच लागतं का?” काकांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर ते सवयीनं चपलेकडं वाकले, मग उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उपासनेत संदेश झाला, गाणं झालं, आणि पाळकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी सवयीनं शेवटच्या खिडकीकडं पाहिलं. काका वाकले नव्हते. ते खिडकीच्या गजाला धरून उठत होते. सगळी मंडळी वळून बघायला लागली. डावीकडं मनुबाई अर्धवट उठली, छातीत दुखतंय की काय म्हणून.

“बस गं तू,” काका म्हणाले. मग घसा खाकरला. “जय ख्रिस्त. मला बोलता येत न्हाई. पन बोलतो. माझं नाव येशूदास. आज्ज्यानं ठेवलं. त्यातलं पयलं निम्मं मी जल्मभर वापरलं. त्ये माझं न्हवतंच. ज्येचं हाय, त्येला आज म्या माघारी दिलं. ऱ्हायलं दास. तेवडं मला लय झालं. आजपास्नं मला दास म्हना, दासकाका म्हना, काय बी म्हना. पन त्या नावानं कुनी हाक मारायची न्हाई. मी वळून बगनार न्हाई.” त्यांनी श्वास घेतला. डावीकडं बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं, ते पंख्याकडं बघत बोलत होते. “आता ह्या गावात त्या नावाचा एकच ऱ्हायला. तवा कुनी ते नाव घेतलं तर माझं आयुष्य कमी व्हायाचा प्रश्नच न्हाई. एवडंच सांगायचं व्हतं.”

ते बसले. माझं बोट पेटीच्या पट्टीवरच राहिलं होतं आणि भाता उघडा, त्यामुळं एक सूर उगाच वाजत होता. मी तो बंद केला. पाळक व्यासपीठाची कड धरून उभे होते.

मनुबाई उठली. पहिल्यांदा तिला राग आला होता, ते स्पष्ट दिसलं. “आवं, ह्या वयात मानूस नाव टाकतंय व्हय? मला इच्यारलं बी न्हाई,” ती म्हणाली. पण आवाज मध्येच फुटला. तिनं पदरानं तोंड पुसलं, हात जोडले आणि समोर बघितलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. रांगणारं पोरसुद्धा बसून राहिलं.

“येशू,” मनुबाई म्हणाली.

मोठ्यानं नव्हे. घरात आतल्या खोलीत असलेल्या माणसाला बोलवावं, तसं.

“ओ,” उजवीकडून आवाज आला.

सगळी मंडळी खदखदून हसली. मी हसलो, पाळक हसले, बायकांच्या बाजूला तर हलकल्लोळ झाला. मनुबाई कमरेवर हात ठेवून वळली.

“तुमाला न्हवं.”

“ठावं हाय मला,” दासकाका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. “पन तुज्या तोंडून ऐकायची लय वाट बगितली व्हती. एकडाव ओ दिऊन घेतली.”

कुणी हसलं नाही. मनुबाई उभ्या जागी रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली, आणि तिचं तिलाच दोन्ही आवरेना. मग तिनं डोळे मिटले आणि पुन्हा नाव घेतलं, या वेळी मोठ्यानं. दासकाका तोंडावर टॉवेल धरून गप्प बसले होते.